मुसव्विर, रंगसाज आणि डब्यातला रंग

उर्दूत रंगाचे काम करणाऱ्यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. चित्र काढणारा तो मुसव्विर. भिंत, दरवाजा, टांगा, ट्रक रंगवणारा तो रंगसाज. मराठीतही चित्रकार आणि रंगारी असा भेद आहेच. ‘पेंटर’ हा तिसरा शब्द दोघांनाही चालतो, पण गावात पेंटर म्हटले की पाट्या लिहिणाराच डोळ्यांसमोर येतो. मुसव्विर हा शब्द मोठ्या अदबीचा. अल्लाहच्या सुंदर नावांत त्याचा समावेश आहे, आणि म्हणूनच माणसाने तो स्वतःला लावून घ्यावा की नाही याबद्दल आपल्याकडे संकोचही आहे. रंगसाजाच्या वाट्याला असला मान नाही आणि संकोचही नाही. तो रोजंदारीचा माणूस.

विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा विचारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पॅरिसहून कोणता वाद आला, न्यूयॉर्कहून कोणता आला, कोणी तो स्वीकारला, कोणी नाकारला, अशी ती मांडणी असते. चित्र कशाने काढले, तो रंग कोणत्या दुकानातून आला, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तो विचारला पाहिजे. कारण मुसव्विर आणि रंगसाज यांच्यामधली भिंत पडली ती आधी सामानाच्या बाजूने. मुंबईत तर हे फारच स्पष्ट दिसते.

मुळात ‘कलावंताचा रंग’ ही वस्तूसुद्धा कारखान्यातूनच आलेली. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबता येणाऱ्या पत्र्याच्या नळीचे पेटंट घेतले, तेव्हापासून रंग ट्यूबमध्ये भरून विकला जाऊ लागला. त्याआधी चित्रकार किंवा त्याचा शागीर्द रंग घोटून तयार करीत असे. पुढे घरांसाठी, बोटींसाठी आणि मोटारींसाठी डबाबंद तयार रंग आले. पिकासोने १९१२ च्या सुमारास रिपोलिन हा फ्रेंच घररंग आपल्या चित्रांत वापरला. मेक्सिकोचा सिकेरोस याने १९३६ मध्ये न्यूयॉर्कला एक प्रयोगशाळाच काढली. मोटारींना मारला जाणारा ड्यूको हा रंग तिथे चित्रासाठी वापरला जाई. त्या प्रयोगशाळेत येणाऱ्या तरुणांत जॅक्सन पोलॉक होता. १९४७ पासून पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून डब्यातला इनॅमल काठीने वरून सोडू लागला, ती चित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. फ्रँक स्टेला तर पोटासाठी घरे रंगवण्याचे काम करीत असे. १९५८-५९ मध्ये त्याने घररंगाच्याच रुंद ब्रशने काळ्या इनॅमलचे समांतर पट्टे ओढले आणि पुढच्याच वर्षी अॅल्युमिनियम रंग घेतला. जर्मनीच्या गेरहार्ट रिश्टरने १९६६ मध्ये रंगाच्या दुकानातले शेडकार्डच मोठे करून चित्र म्हणून मांडले.

हे सगळे पैसे वाचवण्यासाठी झाले असे म्हणणे अर्धेच खरे आहे. रंगाचा स्वभाव हे दुसरे कारण, आणि ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ट्यूबमधला तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला, लोण्यासारखा घट्ट असतो. ब्रश जसा फिरेल तशी त्याची खूण राहते. चित्रकाराचा हात त्यात दिसतो. हाताची ती सहीच समजा. इनॅमल याच्या उलट. तो कृत्रिम रेझिनचा, टर्पेंटाईनने पातळ केलेला. लावल्यावर तो स्वतःच पसरून सपाट होतो, ब्रशची रेघ गिळून टाकतो आणि चकचकीत वाळतो. हात दिसत नाही. प्लॅस्टिक इमल्शनमध्ये रेझिनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटतात आणि भिंतीसारखा मंद, बिनचकाकीचा थर उरतो. तैलरंगाला पुरता वाळायला कित्येक दिवस लागतात, इमल्शनला एखाद-दुसरा तास. ज्या चित्रकाराला झाड, घोडा, माणूस काढायचा नाही, ज्याला केवळ रंगाचे क्षेत्र हवे आहे, त्याला आपला हात लपवणारा रंग हवासा वाटला तर नवल नाही.

मुंबईत तयार रंगाचा धंदा जुना आहे. लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी सुरू झाली, तीच पुढे गुडलास नेरोलॅक. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे बाहेरचा माल अडला असताना, गिरगावात चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. तिचा गट्टू, हातात ब्रश आणि डबा घेतलेला तो खोडकर मुलगा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. चाळीस-पन्नास वर्षांच्या पुढच्या वाचकांना तो आठवत असेल. गट्टू हा रंगसाजच. त्याचे चित्र मात्र एका नामवंत चित्रकाराने काढलेले.

याच शहरात १९३० च्या दशकात पंढरपुरात जन्मलेला एक तरुण सिनेमाची होर्डिंगे रंगवीत होता. मकबूल फिदा हुसेन यांची ही गोष्ट आपल्या वाचकांना माहीत आहे, आणि ती सांगताना आपण बहुधा गरिबीवर थांबतो. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने, तीही आण्यांत. पण होर्डिंग हे एक शिक्षणही होते. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी पत्र्यावर किंवा कापडावर पाडायच्या, आणि जवळून पाहिले तर ज्याचा काहीच अर्थ लागत नाही असा रंगाचा मोठा ठिपका नेमक्या जागी टाकायचा. वीस पावले मागे गेल्यावर तो गाल होतो. हुसेन अमूर्त चित्रकार नव्हते, तरी त्यांची जाड बाह्यरेषा आणि कामाचा वेग होर्डिंगच्या सवयीतून आला हे अनेक समीक्षकांनी मान्य केले आहे. १९४१ पासून काही वर्षे ते एका फर्निचर कंपनीत मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी यांचे काम करीत होते. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा त्यांच्याबरोबर असलेले सय्यद हैदर रझा एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून शिकले होते. थोड्या काळाने याच मित्रमंडळींत आलेले तय्यब मेहता आधी फिल्म एडिटर होते. ही सगळी पोटापाण्याची कामे, आणि तिन्ही उद्योगधंद्यातली. ही नावे आपल्यातली म्हणून त्यांची जंत्री करून अभिमान बाळगण्यात काही अर्थ नाही. होर्डिंग, ब्लॉक, फिल्म या तिन्ही ठिकाणी चित्र म्हणजे तुकड्यांत कापलेली, मोजलेली, पुन्हा जोडलेली वस्तू असते, हे ते कामावर शिकले. आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

आता १९६० हे साल घेऊ. त्या वर्षी ५ ऑगस्टला मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुगल-ए-आझम’ लागला. त्याची चित्रे कोल्हापूरच्या परंपरेतले जी. कांबळे यांनी रंगवली. स्टेजचे पडदे आणि सिनेमाची पोस्टरे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांचे हे गाव, तिथे पोस्टरवाल्याला पेंटर म्हणताना कोणी आवाज खाली आणत नसे. कांबळ्यांच्या कामासाठी के. आसिफ यांनी विन्सर अँड न्यूटन या इंग्रजी कंपनीचे, म्हणजे खास कलावंतांचे, बाजारात होते नव्हते तेवढे रंग विकत घेतले अशी हकीकत सांगितली जाते. हकीकत सिनेमावाल्यांची आहे, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चालावे. पण त्याच वर्षी, त्याच मुंबईत, अकबर पदमसी बारा फूट लांबीच्या कॅनव्हासवर प्लॅस्टिक इमल्शनने चित्र काढत होते. पेंटरकडे कलावंताचा रंग आणि कलावंताकडे भिंतीचा रंग. इतिहासात असे वर्ष शोधून सापडत नाही.

पदमसी यांचा जन्म १९२८ चा, मुंबईच्या खोजा कुटुंबातला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते १९५१ मध्ये पॅरिसला गेले. १९५९-६० या काळात मुंबईत राहून त्यांनी सर्व रंग बाजूला ठेवले आणि केवळ करड्या छटांत चित्रे काढली. भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या संस्थेत बाळ छाबडा यांनी ‘गॅलरी ५९’ चालवली होती; ही चित्रे तिथे १९६० मध्ये मांडली गेली. ‘ग्रीक लँडस्केप’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. नाव निसर्गचित्राचे असले तरी त्यात डोंगर, घर असे बोट ठेवून दाखवता येत नाही. करड्याच्या शेजारी दुसरा करडा, मग फिका, मग जवळजवळ पांढरा, असे ते बारा फूट सरकत जाते. तैलरंगात हेच काढले असते तर ते चमकले असते, आणि पाहणाऱ्याची नजर रंगाच्या अंगावरून घसरली असती. इमल्शनने ते भिंतीसारखे, सिमेंटसारखे, पावसाळ्यातल्या जुहूच्या आकाशासारखे मंद राहिले. एवढ्या मोठ्या क्षेत्राला लागणारा रंग ट्यूबमधून पिळायचा म्हटला तर खर्चाचा विचारच नको. खर्च आणि सौंदर्य यांनी इथे एकच मागणी केली, असे मी समजतो. २०१६ मध्ये हे चित्र लिलावात १९ कोटींहून अधिक रुपयांना गेले. ज्या जातीच्या रंगाने हॉलच्या भिंती रंगवतात त्या जातीचा तो रंग.

किमतीवरून थक्क होणे सोपे आहे. मला या विषयात खरा मोलाचा वाटतो तो प्रभाकर बरवे, ज्यांच्याबद्दल आपल्या समाजात फारसे कोणी लिहीत नाही. १९३६ मध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या नागावला जन्म. जे. जे. मधून १९५९ मध्ये बाहेर पडले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. केंद्राने त्यांना काही वर्षे बनारसला ठेवले. हातमागाच्या कापडासाठी नक्षीचे आराखडे करून देणे हे तिथले काम. बनारसचे विणकर म्हणजे बहुतांश अन्सारी. मालेगाव, भिवंडीच्या अनेक घरांचे मूळ त्याच मुलखातले. तिथे नक्षी आधी चौकोनांत बसते, मग धाग्यात उतरते. कोणत्या चौकोनात धागा वर, कोणत्या खाली, एवढाच हिशेब. पान असो वा कैरी. बरव्यांवर त्या काळात तंत्रमार्गाच्या चिन्हांचाही परिणाम झाला, हे सर्व चरित्रकार सांगतात. हातमागाच्या चौकोनाबद्दल मात्र ते एक वाक्य लिहून पुढे जातात.

मुंबईला परतल्यावर, विशेषतः सत्तरच्या दशकापासून, बरव्यांनी इनॅमल हे आपले मुख्य साधन केले. दरवाजा-खिडकीला मारतात तो. कॅनव्हासवर इनॅमल वापरणे सोपे नाही. तो ओघळतो, शेजारच्या रंगात शिरतो, आणि एकदा धरला की दुरुस्ती करू देत नाही. तैलरंगासारखे दुसऱ्या दिवशी येऊन खरवडून नवे करता येत नाही. त्यामुळे काय काढायचे ते आधीच ठरलेले लागते. बरव्यांच्या चित्रात पान, ढग, घड्याळ, किल्ली अशा साध्या वस्तू येतात, पण त्या कशावर ठेवलेल्या नसतात. त्यांना जमीन नाही, सावली बहुधा नाही. शाळेच्या फळ्यावर शिक्षक शब्द लिहितो तशा त्या रिकाम्या जागेत लिहिलेल्या असतात. ही रिकामी जागा इनॅमलमुळे उभी राहते. ब्रशची खूण नाही म्हणून हवा नाही, हवा नाही म्हणून अंतर नाही. त्यांच्या ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला १९७६ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काटेकोरपणे त्यांना अमूर्त चित्रकार म्हणावे का, यावर वाद होऊ शकतो. वस्तू ओळखू येते एवढ्यावरून चित्र मूर्त ठरत नाही, असे माझे मत आहे.

बरव्यांनी आपला विचार मराठीत लिहिला ही त्याहून मोठी गोष्ट. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौज प्रकाशनाने १९९० मध्ये काढले. आकार, अवकाश, रंग यांच्याबद्दल इतके स्वच्छ मराठी गद्य क्वचित सापडते, आणि ते समजायला कलाशाळेत गेलेले असण्याची गरज नाही. बरवे १९९५ मध्ये वारले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या समारंभात अमोल पालेकरांचे भाषण मध्येच अडवले गेले, त्याची देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. चित्रे मात्र त्या गदारोळात मागे पडली.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू देत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. त्यांनी रंग ट्यूबचाच घेतला, पण ब्रश सोडून रोलर आणि रंगाची सुरी घेतली. रंग थरावर थर चढवला, कागद दाबून उचलला. हत्यार बदलले तरी भिंत पडते, हे यावरून दिसते. जेराम पटेल यांनी साठच्या दशकात प्लायवूडवर ब्लोटॉर्च चालवला आणि जळालेले लाकूड हेच चित्र केले. अलीकडे अतुल डोडिया दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्र काढतात. ती अमूर्त नाहीत, तरी रात्रीचा बंद बाजार ज्याने पाहिला आहे त्याला ती परकी वाटणार नाहीत.

नसरीन मोहम्मदी यांच्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. जन्म कराचीचा, १९३७ चा; घर मुंबईला आले, पुढे शिक्षण लंडनला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या कलाशाळेत शिकवत. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर ज्या साधनांनी नकाशे काढतात त्याच साधनांनी, शाई आणि पेन्सिल घेऊन, त्यांनी नुसत्या रेषा ओढल्या. त्यांच्या परिपक्व कामात रंग जवळजवळ नाहीच. रेषा जवळ येतात, विरळ होतात, एका बाजूला कलतात. आजारामुळे हातावर ताबा राहणे कठीण झाले, तेव्हाही त्या रेषा डळमळलेल्या दिसत नाहीत. ड्राफ्ट्समनच्या साधनाने हाताला दिलेला तो आधार होता. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या नव्या इमारतीची सुरुवात ज्या प्रदर्शनांनी केली त्यांत त्यांचे होते. आमच्या शाळेत आठवीच्या मुलींना कंपासपेटीतली साधने हातात देताना मी हे नाव घेते. भूमिती चित्रकलेच्या तासाला शिकवता येते, हे त्यांना त्यावरून पटते. घरात तस्वीर टांगू नये म्हणणारे वडीलही रेषांना हरकत घेत नाहीत.

रझा यांचा बिंदू सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा रंग क्वचितच कोणी विचारात घेतो. १९६२ मध्ये अमेरिकेत शिकवायला गेल्यानंतर रझा अॅक्रिलिककडे वळले. अॅक्रिलिक हे प्लॅस्टिकच्या उद्योगाचे अपत्य, इमल्शनचेच सुधारलेले भावंड. ज्या लाल-काळ्या रंगांत आपण मातीचा वास शोधतो ते बाटलीत कारखान्यातून आलेले आहेत. याने त्या चित्रांचे काही कमी होत नाही. गेरू आणि रेडऑक्साईड यांचेच पाहा ना. अंगणाच्या कडेला लावतात तो गेरू, आणि दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालडब्यांना किंवा खिडकीच्या गजांना गंज लागू नये म्हणून मारतात तो तांबडा रंग, दोन्ही मुळात लोखंडाचेच भस्म. एकाला आपण परंपरा म्हणतो, दुसऱ्याला हार्डवेअर.

शिरूरला, जुन्या लोकांच्या घोडनदीला, हार्डवेअर पुष्कळ आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढली तशी रंगाची दुकाने वाढली. तिथल्या कारखान्यांत रंगाला आता ब्रशच लागत नाही. कोरडी भुकटी विजेच्या भाराने पत्र्याला चिकटवून भट्टीत भाजतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील एक तर वसाहतीत आहेत, नाहीतर रंगाच्या कामावर. पाट्या लिहिणारे पेंटर २००० नंतर फ्लेक्सने हटवले. उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही लिप्या ब्रशने सफाईने लिहिणारी ती पिढी घरे रंगवू लागली. मुसव्विरच्या अर्ध्या वाटेवरून पुन्हा रंगसाज झाली. शासकीय रेखाकला परीक्षेच्या वेळी त्यांचीच मुले पोस्टर कलरच्या पेटीसाठी पैसे मागतात आणि घरात इनॅमलचे अर्धे डबे पडलेले असतात. परीक्षेत इनॅमल चालत नाही, हे ठीकच आहे.

पण मुलांना ते डबे दाखवून पोलॉकची, बरव्यांची गोष्ट सांगायची तर त्या डब्यात काय असते तेही सांगावे लागते. पिवळ्या इनॅमलमधला क्रोम हा शिशाचा क्षार. इनॅमल लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाचे संयुग घालत. शिसे शरीरात साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त अपाय होतो. भारत सरकारने २०१६ मध्ये नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले. नियम नव्या डब्यासाठी आहे. जुन्या दरवाजावर आधीच बसलेले चार-पाच थर त्यात येत नाहीत, आणि नवा रंग धरावा म्हणून ते थर आधी पॉलिशपेपरने घासून काढावे लागतात. संग्रहालयात पन्नास वर्षांपूर्वीच्या इनॅमलला हात लावायचा तर हातमोजे घातलेला तज्ज्ञ येतो. इथे रंगसाज नाकाला रुमाल बांधतो, संध्याकाळी तोच रुमाल झटकून खिशात घालतो आणि घरी जातो. रुमाल घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, दारात आल्यावर कपडे बदला, घासण्याआधी लाकूड ओले करा, एवढे आम्ही पालकसभेत सांगू लागलो आहोत.